मनातलं विचारा : हा आळस आहे की आजार?

प्रश्न : ताई, मी पुण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये हॉस्टेल सोडलं, तेव्हापासून गावीच, माण तालुक्यात. रेंज फक्त गच्चीवर येते. लेक्चर लावतो, पण डोक्यात काही शिरत नाही. पहाटे चारला झोप लागते, अकराला उठतो. केमिस्ट्री माझा जीव की प्राण होती. आता पुस्तक उघडवत नाही. बाबा म्हणतात, अंगात आळस भरलाय. एप्रिलमध्ये काका कोरोनानं गेले, माझी फी तेच भरायचे. त्याच आठवड्यात ऑनलाइन परीक्षा होती, ती दिली. मरायचं वगैरे मनात नाही, पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. मला खरंच काही झालंय का?
— एक विद्यार्थी, जि. सातारा, जून २०२१

उत्तर : आधी त्या ‘जागच आली नाही तर बरं’बद्दल. हा विचार एकट्यानं सांभाळायचा नसतो. तू लिहिलास ते फार चांगलं केलंस. आता घरात कुणाला तरी आजच, याच शब्दांत सांग. बाबांना सांगणं जड जात असेल तर आईला सांग. केंद्र सरकारची विद्यार्थ्यांसाठीची ‘मनोदर्पण’ हेल्पलाइन आहे : ८४४८४४०६३२, सकाळी आठ ते रात्री आठ. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं, तर मात्र फोनवर थांबू नकोस. घरच्यांना घेऊन तडक दवाखाना गाठ.

आळशी मुलाला अभ्यास नको असतो, पण आवडीचं काम त्याला हवंच असतं. तुझी तर आवडच आटली आहे. मन उदास, कशात रस नाही, झोप बिघडलेली, असं जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर डॉक्टर नैराश्य आहे का हे तपासतात. पत्रावरून मी निदान करणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना भेट, बाबांना सोबत ने.

काका गेल्याचं तू एका ओळीत उरकलंस आणि लगेच परीक्षेवर गेलास. कोरोनाच्या या लाटेत कित्येक घरांना अंत्यदर्शन मिळालं नाही, दहावा चार माणसांत झाला, गळ्यात पडून रडायला पाहुणेही येऊ शकले नाहीत. अशा आठवड्यात तू कॅमेऱ्यासमोर बसून एमसीक्यू सोडवलेस. मला याचा राग येतो. परीक्षेत मान हलली तरी टिपणारं सॉफ्टवेअर आलं, पण ‘जेवलास का, झोपलास का’ विचारणारं माणूस फार थोड्या कॉलेजांनी नेमलं. आईजवळ, काकूजवळ बस, काकांबद्दल बोल. रडू आलं तर येऊ दे.

झोपेसाठी आधी उठायची वेळ धर. अकराऐवजी साडेदहा, मग दहा. उठल्यावर मोबाइल खालीच ठेवून गच्चीवर उन्हात जा. सकाळचा उजेड मिळाला की हळूहळू रात्रीची झोप लवकर येऊ लागते. दुपारी आडवा होऊ नकोस.

आणि फीचं ओझं एकट्यानं वाहू नकोस. राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरची कोणती शिष्यवृत्ती तुला लागू होते, ते कॉलेजच्या ऑफिसला फोन करून विचार. हा फोन बाबांनी केला तरी चालेल.