लेकीसाठी घरीच साधे फ्रॉक शिवायचेत, शिवणक्लास लावू की यूट्यूबवर बघून जमेल?

क्लास लावू नका. झालं उत्तर. ज्यांना घाई आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की लेक 4 वर्षांची आहे, आईचं जुनं पायमशीन घरात पडून आहे, ब्लाउजला हुक लावण्यापलीकडे काही येत नाही, आणि गल्लीतल्या क्लासवाल्या बाईंनी 6 महिन्यांचा बेसिक कोर्स सांगितलाय ज्यात फ्रॉक चौथ्या महिन्यात येतो. चौथ्या महिन्यात! तोवर पोरगी बोटभर उंच झालेली असेल आणि तुमचा उत्साह हातभर खाली आलेला असेल. हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण असल्याच एका क्लासात मी दोन महिने काढलेत. क्लास माझ्या मोठ्या जावेचाच होता, त्यामुळे फी नव्हती पण सुटकाही नव्हती.

आमचं घर सांगलीत, खाली दीर-जाऊ, वर आम्ही. खालच्या पुढच्या खोलीत ताईंची तीन मशीनं, दुपारी 3 ते 5 मुली यायच्या. माझी लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि मला एकच करायचं होतं, तिला फ्रॉक शिवायचा. पण ताईंचा क्रम ठरलेला. आधी झबलं, मग टोपरं, मग लाळेरं, मग दुपटं, आणि तेही कापडावर नाही, खाकी कागदावर, पाव मापात, त्रिकोणी स्केलने आखून, कापून, फाइलला चिकटवून. माझ्या पोरीचं झबल्याचं वय कधीच सरलेलं आणि मी आपली तळहाताएवढी कागदी झबली चिकटवत बसलेय. कापडाला कात्री लावायची परवानगी नाही. ताई म्हणायच्या, "कागद बिघडला तर रुपया जातो, कापड बिघडलं तर झोप जाते." वाक्य चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणतेय, पण दोन महिने?

मग मी वर गुपचूप सुरू केलं. सासूबाईंचं जुनं मशीन पुसलं, तेल घातलं, नवीन वादी (चाकाचा पट्टा) बसवून घेतली. पायमशीनचा आवाज जमिनीतून खाली जातो हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून मी बरोब्बर 3 ते 5 मध्येच शिवायचे, खालच्या तीन मशीनांच्या आवाजात वरचं चौथं खपून जायचं. म्हणजे क्लासला दांडी मारून क्लासच्याच वेळात शिवण. डोकं दुखतंय, पोरगी झोपत नाहीये, पाहुणे आलेत, काय काय कारणं दिली असतील.

तिच्या चौथ्या वाढदिवसाला खणाचा फ्रॉक करायचा ठरवला. कापडपेठेतून डाळिंबी रंगाचा, काळ्या काठाचा खण आणला, अगदी कर्नाटकातल्या गुळेदगुडचा, हल्ली मिळतो तो छापील नव्हे. आता खणाचं असं आहे की त्याचा पन्हा लहान, 31-32 इंच, तो मुळात चोळीसाठीच विणलेला, आणि काठ खाली आला पाहिजे म्हणून कापड आडवं धरून कापायचं. हे सगळं मी बरोबर केलं. आतून मलमलचं अस्तर लावलं, कारण खण नुसता घातला तर पोरं खाजवून खाजवून हैराण होतात. गळ्याला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची, पट्टी लावली तीही अशी बसली की मीच दोनदा हात फिरवून बघितला. मागे बटणपट्टी मात्र ठेवली नाही. लोकांना सांगताना मी म्हणायचे की पाठीवरची बुट्ट्यांची ओळ तुटू नये म्हणून. खरं कारण असं की मला काज (बटणाचं भोक) करता येत नव्हतं.

वाढदिवसाला संध्याकाळी सगळे जमले, सासूबाई निरांजन लावून उभ्या, आणि मी आतल्या खोलीत लेकीला फ्रॉक घालतेय. हात वर, फ्रॉक डोक्यावरून खाली आणि कपाळाशी येऊन थांबला. अजून थोडा ओढला, आता नाकापर्यंत. आतून आवाज आला, "आई, अंधार झाला." मग वर ओढायला गेले तर वरही येईना, कान अडकले. मग तिने जे भोकाड पसरलं ते बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. पोरगी दोन्ही हात वर करून उभी, तोंडावर डाळिंबी खण.

ताई आत आल्या. काही बोलल्या नाहीत, धागे कापायची छोटी कात्री त्यांच्याकडे कायम असायची, ती काढली, पाठीकडून गळ्यात दोन बोटं घातली आणि कर्रकन पाच इंच खाली फाडत नेलं. बुट्ट्यांच्या ओळीतून, मधोमध. मग फ्रॉक काढून घेतला आणि माझ्या मशीनवर जाऊन बसल्या. मशीनमध्ये अजून तोच डाळिंबी दोरा ओवलेला होता. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. उरलेल्या चिंधीची पट्टी काढून चिरेला दोन्हीकडून लावली, दोन टिचबटणं हाताने टाचली, दहा-बारा मिनिटांत फ्रॉक तयार. औक्षण झालं, केक झाला, फोटो झाले. सगळे जेवून गेल्यावर भांडी आवरताना एवढंच म्हणाल्या, "डोकं मोजलं नाहीस?"

या गोष्टीला 6 वर्षं झाली. तरी घरात कुणाचं काही नवीन शिवून झालं की कुणीतरी म्हणणारच, डोक्यातून जातंय ना बघितलंस का. परवा उशीचा अभ्रा शिवला तरी दिरांनी विचारलं.

माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की कापायची गरज नव्हती. खांदा उसवला असता तर काम झालं असतं. शिवण उसवता येते, पुन्हा घालता येते, कापलेलं कापड काही परत जुळत नाही. आणि कात्री लावायच्या आधी ज्याने शिवलंय त्याला एका शब्दाने विचारायला काय हरकत होती? नवरा म्हणतो पोरीचा जीव गुदमरत होता, विचारणार काय. गुदमरत वगैरे नव्हता हो, ती ओरडत होती, ओरडायला श्वास लागतो.

तर तुमच्या कामाचं. 4 वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा घेर साधारण 20 इंच असतो. आणि मापाच्या तक्त्यावरून गळा काढलात, म्हणजे रुंदी 4, पुढे खोली अडीच आणि मागे 1, तर गळ्याचा पूर्ण घेर येतो कसाबसा 12 इंच. वीसाचं डोकं बारातून जात नाही. इतकं साधं आहे, आणि कागदावरच्या झबल्याला डोकं नसतं म्हणून ते दोन महिन्यांत कळलं नाही. त्यामुळे एकतर मागे किमान 5 इंचांची उघडी पट्टी ठेवा, नाहीतर खांद्याला बटणं द्या, नाहीतर गळ्यात इलॅस्टिक घाला. अर्धा कच्चा झाला की पोरीच्या डोक्यातून घालून बघा, कच्च्या टाक्यावर असतानाच, अस्तर लावल्यावर नव्हे.

पहिला फ्रॉक म्हणून खण नको, नवीन कापडही नको. नवऱ्याचा जुना सुती शर्ट घ्या ज्याची कॉलर विरलीये पण अंग चांगलं आहे. लेकीला आत्ता बरोबर बसणारा एक बिनबाह्यांचा सरळ खाली पसरत जाणारा फ्रॉक पेपरवर (वर्तमानपत्रावर, पूर्ण मापात, हो कागदच, पण एकदाच!) ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, कडेने अर्धा इंच शिवणीसाठी वाढवा, बगलेला इंचभर आणि खाली दोन इंच. आता शर्टाची बटणं लावून तो टेबलावर पसरा आणि बटणपट्टी बरोब्बर मध्ये धरून पुढच्या बाजूतून फ्रॉकची पाठ कापा. शर्टाच्या पाठीतून फ्रॉकचा पुढचा भाग निघतो. काज आयते, बटणं आयती, डोकं जाण्याचा प्रश्नच मिटला. हे मला कुणी शिकवलं नाही, खणाच्या प्रकरणानंतर चिडून शोधलं, आणि ताईंनी नंतर आपल्या क्लासात घेतलं. माझं नाव न सांगता.

मग दोन खांदे जोडा, गळ्याला आणि मुंढ्याला (हात बाहेर येतो तिथे) उरेब पट्टी लावा, दोन्ही बगला (बाजूच्या उभ्या शिवणी) शिवा, खाली दुमडून तुरपई. तीन तास, पहिल्यांदा असेल तर दोन दुपारी. उरेब पट्टी म्हणजे कापड असं तिरकं दुमडायचं की उभा धागा आडव्यावर येईल, आणि त्या घडीला समांतर सव्वा इंची पट्ट्या काढायच्या, त्या वळणावर वळतात. यूट्यूबवर बरेच जण सरळ पट्टी लावून दाखवतात, ती लावू नका, गळा ताठ उभा राहतो आणि चुण्या पडतात. पट्टी उलटवायच्या आधी गोलाईवर कात्रीने बारीक काप द्या, टिपेपर्यंत जाऊ देऊ नका. सुती कापडाला सुई 14 नंबर, मलमलला 11.

चुण्यांचा फ्रॉक दुसऱ्या खेपेला करा. टाका सगळ्यात मोठा करून काठाशी दोन टिपा मारायच्या, उलट टीप न देता, आणि बॉबिनचा म्हणजे खालचा दोरा ओढत चुण्या सरकवायच्या. योकच्या (छातीवरच्या भागाच्या) दीडपट-दुप्पट घेर पुरे. मी पहिल्यांदा तिप्पट घेतला, पोरगी कोबीसारखी दिसत होती. आणि कोरं सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून उंची गेली की रडाल. शिवणींचे धागे सुटू नयेत म्हणून आतून ओव्हरलॉक करून घ्या, पायमशीनवर ते होत नाही, पण पिको-फॉलवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी होतं.

परवडतं का, असंही विचारलंय. नाही परवडत. तुमच्या दुपारच्या वेळाचे पैसे धरले तर अजिबात नाही. इचलकरंजी आम्हाला जवळ, तिथून सुती कापड स्वस्त पडतं, तरी रेडीमेडच्या बरोबरीला येऊ शकत नाही. पैसे वाचवायला शिवणार असाल तर सोडून द्या.

आता थोडं क्लासच्या बाजूचंही सांगते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. पुढे ब्लाउज शिवायचा असेल तर क्लास लावाच, कटोरी ब्लाउज व्हिडिओ बघून शिवलेली बाई मी अजून पाहिली नाही. आणि उरेब पट्टी, जिचं एवढं कौतुक मी वर केलं, ती मला ताईंनीच शिकवली होती, त्या दोन महिन्यांतच. अजून एक, त्या प्रत्येक बगलेला इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडायला सांगायच्या. मी खणाच्या फ्रॉकला आत जाड होतं म्हणून ती कापून टाकली, आणि तो फ्रॉक दिवाळीपर्यंतसुद्धा पुरला नाही, वाढदिवस जूनमधला. तर माया सोडा, आणि खाली दुमड दोन इंचांची ठेवा, एकदा उसवून वाढवता येते.

आणि खांदा उसवण्याचं म्हणाल तर हे लिहिताना तो फ्रॉक काढून टेप लावून बघितला. एक खांदा तीन इंचांचा, म्हणजे उसवल्यावर गळा 12 चा 18 झाला असता. डोकं 20. दोन्ही खांदे उसवावे लागले असते. असो, तरी विचारायला हवं होतं.

लेक आता 10 वर्षांची आहे, सुट्टीत तिला शिवणाचं वेड लागलंय, आणि ती माझ्याकडे नाही शिकत, खाली काकूकडे जाते. पहिल्या दिवशी खाकी कागद आणि त्रिकोणी स्केल घेऊन वर आली, म्हणाली काकू म्हणाली आधी झबलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत शर्टाचा एक तुकडा घालून दिला. तो तसाच घडी न मोडता परत आला.

ता. क. मोटर बसवू का, हे राहिलंच. आत्ता नको. पायमशीनवर वेग आपल्या पायात असतो, गोलाईवर एकेक टाका घेता येतो, मोटर नवख्या माणसाला पळवत नेते. वादी सैल झाली असेल तर तेवढी बदला, आणि तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन टिपा मारा, नाहीतर पहिला डाग फ्रॉकवर.