‘स्ट्रायटम’ला मराठीत काय म्हणावे?

मेंदूविषयीच्या एका अनुवादात ‘स्ट्रायटम’ या भागासाठी ‘रेखांकित पिंड’ असा शब्द आला आहे. तो योग्य आहे का, की सरळ ‘बक्षीस-केंद्र’ म्हणावे, असा प्रश्न आहे.

‘रेखांकित’ मला मान्य नाही. हा शब्द आपण रेघ ओढलेल्या वस्तूला लावतो; रेखांकित धनादेश म्हणजे ज्यावर दोन तिरप्या रेघा मारल्या आहेत तो. स्ट्रायटमचे पट्टे मुद्दाम कोणी ओढलेले नाहीत, ते त्याच्या घडणीतच आहेत. लॅटिनमध्ये ‘स्ट्रिया’ म्हणजे सरी किंवा खोबण. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली मेंदूच्या रचनेचे वर्णन केले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून या भागाला हे नाव मिळाले. मेंदूचा छेद घेतला की येथे करड्या भागातून पांढऱ्या चेतातंतूंच्या जुड्या आरपार गेलेल्या दिसतात आणि शेतातल्या सरी-वरंब्यासारखे करडे व पांढरे पट्टे एकाआड एक उमटतात. ‘सरी’ हा शब्द मूळ अर्थाच्या किती जवळ आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. पण त्यापासून सहज विशेषण होत नाही.

विशेषण हवे तर ‘पट्टेरी’ आहे. पट्टेरी वाघामुळे तो लहान मुलालाही कळतो. हाडांना जोडलेल्या स्नायूंना शालेय पुस्तकांत ‘पट्टकी’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. मात्र तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा कानावर पडत नाही.

‘बक्षीस-केंद्र’ हे नाव सुटसुटीत असले तरी अर्धेच खरे आहे. स्ट्रायटमच्या खालच्या भागातील न्यूक्लियस अकम्बन्सचा सुखद फळाच्या अपेक्षेशी संबंध आहे हे खरे. पण वरच्या भागातील प्युटामेनला मिळणारे डोपामिन (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) कमी पडले की कंपवाताच्या रुग्णाचे हातपाय ताठरतात आणि हालचाल मंदावते. बक्षीस म्हटले की हालचालीचे हे सगळे काम नावातून गळून पडते, आणि वाचकाला रुग्णाचे दुखणे कशामुळे आहे ते उमगत नाही.

म्हणून लेखात पहिल्या उल्लेखाला ‘स्ट्रायटम, म्हणजेच पट्टेरी पिंड’ असे लिहावे आणि पुढे सर्वत्र ‘पट्टेरी पिंड’ ठेवावे.