रॉड टेकवला की भोक मोठं होतंय

प्रश्न : मेस्त्री, वडिलांची 1998ची मारुती 800 आम्ही अजून जपून ठेवली आहे. मालवणच्या खाऱ्या हवेने ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला आणि तळहाताएवढं भोक पडलं. घरच्या इन्व्हर्टर आर्क वेल्डिंग मशीनवर मी गेट, ग्रिल नीट जोडतो. पण इथे 2.5 मिमीचा रॉड टेकवला की भोक वाढतच जातं. पॅच कसा मारू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुमचा हात चांगला आहे, पत्रा वेगळा आहे. गेटचा अँगल 3 ते 5 मिमी जाड असतो. गाडीचा पत्रा नवा असतानाच पाऊण मिमीच्या आसपास असतो, आणि भोकाच्या कडेला गंजाने खाऊन तो कागदासारखा झालेला असतो. तिथे उष्णता पसरायला लोखंडच शिल्लक नाही. मग तो वितळून गळणारच.

म्हणून दिसणाऱ्या भोकावर पॅच बेतू नका. मॅट आणि खालचं डांबरी कोटिंग खरवडून काढा आणि हातोडीने हलके ठोकत बाहेर सरका. बद्द आवाज येतो तोवर सडकं, खणखणीत आवाज आला की शाबूत. तिथवर कापा. तळहाताएवढं भोक वहीच्या पानाएवढं होईल, होऊ द्या. इथे केलेली काटकसर पुढच्या पावसाळ्यात दिसते. कापलेल्या कडेपासून दोन बोटं रुंदीचा पत्रा दोन्ही बाजूंनी चकचकीत घासा. गंजावर आणि रंगावर वेल्डिंगचा टाका धरत नाही.

पॅचला 20 गेजचा सी.आर. (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला साधा) पत्रा घ्या, तो साधारण 0.9 मिमी भरतो. छपराचा जी.आय. पत्रा नको. त्यावरचं जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. पॅचचे कोपरे गोल ठेवा. बाहेरच्या पॅनलला मी कडेला कड लावूनच जोडतो, पण तळाला नवशिक्याने बोटभर पत्रा एकावर एक चढवावा. दुहेरी जाडी उष्णता सोसते.

आता मशीन. हे काम सीओटू मशीनचं, म्हणजे गॅसच्या झोतात तार वितळवून जोडणाऱ्या मशीनचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 0.8 किंवा 0.6 मिमीची तार आणि शक्य असेल तर आर्गॉन मिसळलेला गॅस. चार दिवस भाड्याने मिळालं तरी घ्या. आर्कवरच करायचं असेल तर 2 मिमीचा 6013 रॉड आणा, होल्डर मायनसला लावा, करंट 40 अँपिअरच्या आसपास ठेवा आणि आधी भंगारातल्या जुन्या बॉनेटवर हात बसवा.

दोन्ही मशीनवर सलग ओढायचं नाही. एक टाका मारायचा, थांबायचं. दुसरा थेट समोरच्या कडेला. पत्र्याला हात लावता आला की पुढचा, दोन टाक्यांच्या मधोमध. असं करत फटी भरत आणायच्या. घाई केली की पत्रा तापून फुगतो आणि पॅच डगमगतो. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि टाका तिला चिकटत नाही.

हे सगळं करण्याआधी गाडीखाली वाकून बघा. 800ची टाकी मागे आणि इंजिन पुढे, त्यामुळे पेट्रोलची नळी तळाखालूनच जाते. ती जवळ असेल तर सोडवून बाजूला घेतल्याशिवाय ठिणगी पाडू नका. बॅटरीची मायनस वायर काढा, सीट आणि मॅट बाहेर ठेवा, अर्थचा चिमटा पॅचच्या शेजारीच लावा. पाण्याची बादली आणि एक माणूस जवळ हवा. काम संपल्यावरही अर्धा तास गाडीजवळच थांबा. कोटिंग आतल्या आत धुमसत राहतं.

थंड झाल्यावर टाके घासा, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर मारा, मग जोडावर सीलंट भरा आणि खालून नवं कोटिंग द्या. एकावर एक चढवलेल्या पत्र्यात पाणी शिरलं तर गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो.

ठोकताना सडका भाग सीटच्या बोल्टपर्यंत, सीटबेल्टच्या बोल्टपर्यंत किंवा दाराखालच्या पेटीपर्यंत गेलेला दिसला, तर मात्र तिथेच थांबा आणि गाडी जाणत्या डेंटरकडे न्या. अपघातात माणसाला धरून ठेवणारे जोड आहेत ते.