गाव आमच्याशी बोललंच नाही

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची हिवाळी शिबिरं आटोपली की माझ्याकडे दरवर्षी तेच गाऱ्हाणं येतं. शहरातली मुलं म्हणतात, "एवढं राबलो, पण गावानं जवळ केलं नाही." खेड्यातून सोलापुरात शिकायला आलेली म्हणतात, "ह्यांना आमचं काही कळतच नाही." त्यातल्याच दोघांची ही हकिकत. नावं अर्थात बदललेली.

दत्ता सांगोला तालुक्यातला. मंगळवेढ्याकडच्या एका गावात शिबिर झालं आणि तिथून आल्यावर त्यानं गटातल्या सगळ्यांशी बोलणं सोडलं. कारण एक पथनाट्य. "डोक्याला पटका, हातात बाटली अन् तोंडात शिव्या. आमचे आण्णा असे नाहीत ओ, मॅडम." हे सांगताना त्याचा आवाज फुटला.

पथनाट्य बसवलं होतं श्रावणीनं. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, अतिशय मेहनती मुलगी. तिचं दुःख वेगळंच होतं. घरोघर फिरून तिनं सर्व्हेचे फॉर्म भरले, पण बायका 'हो' आणि 'नाही' यापलीकडे गेल्या नाहीत.

मी विचारलं, "तू काय काय विचारलंस?"

"शौचालय आहे का, मुली शाळेत जातात का, घरात कोणाला व्यसन आहे का."

"आणि त्यांनी तुला?"

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "एका मावशीनं विचारलं होतं, तुझी आई काय करते? मी सांगितलं, घरीच असते."

"घरीच असते का?"

तिनं मान खाली घातली. तिची अम्मा विड्या वळते. मांडीवर सूप, पान कापायची कात्री, हजाराच्या हिशोबानं मजुरी. कॉलेजातून आल्यावर श्रावणीही तिच्या शेजारी बसते. तिच्या बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळट डाग मी पहिल्याच भेटीत पाहिला होता, पण बोलले नव्हते. ती स्वतःहून सांगेपर्यंत थांबायचं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. त्या थांबण्याचं चीज झालं.

माझ्या मनात तेव्हा लख्ख झालं की ज्याला स्वतःचं घर लपवावं लागतं, तो दुसऱ्याच्या ओसरीवर मोकळा बसू शकत नाही. त्याच्या हातात मग फॉर्म तरी असतो, नाहीतर उपदेश.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत. नातं बरोबरीचं हवं आणि काम दोघांचं मिळून हवं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणून शिबिराला जाणाऱ्यांना मी सांगते, पहिले दोन दिवस फॉर्म बाहेरच काढू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही, असंच काहीतरी विचारा. मालदांडी ज्वारीला हुरडा कधी धरतो, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, हे विचारा. उलट प्रश्न आला तर स्वतःच्या घराबद्दल खरं सांगा. नाटक करायचंच असेल तर ते गावकऱ्यांना सोबत घेऊन बसवा, त्यांच्यावर बसवू नका. आणि पुन्हा एकदा तरी जा, बॅनर न घेता. खेड्यातल्या मुलांनाही सांगते, राग आला तर तो तोंडावर बोलून दाखवा. अबोल्यातून समोरच्याला काय चुकलं ते कळत नाही.

दत्ता बोलला. श्रावणीनं माफी मागितली आणि फेब्रुवारीत ज्वारीच्या काढणीला दोघं एसटीनं त्याच गावी गेले. ताटं उपटून दुपारपर्यंत श्रावणीच्या तळहाताला फोड आले. मावशीनं तो हात उलटसुलट करून पाहिला. डाग दिसला तसं विचारलं, "हे कशाचं गं?" या वेळी श्रावणीनं विड्यांचं सांगितलं. मावशीचा पुढचा प्रश्न होता, "हजाराला किती देतात?" मग संध्याकाळपर्यंत बांधावर दोघींचा मजुरीचा हिशोब चालला होता, असं दत्तानं मला सांगितलं.

पुढच्या संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या मावशी श्रावणीच्या घरी चहाला जाऊन आल्या. अम्मानं सूप आत नेलं नाही, हे श्रावणीनं मला मुद्दाम फोन करून कळवलं.