फिल्डला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

तू गे आहेस, भूशास्त्रात एम.एस्सी. करतोयस आणि घरी अजून बोललेला नाहीस. कधी बोलायचं ते तुझं तू ठरव. अलास्कात वर्षानुवर्षं काम केलेले अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लाइड वारहाफ्टिग यांनी १९८९ साली, सत्तरीला टेकल्यावर, जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेचा पुरस्कार घेताना ते जाहीर सांगितलं. फिल्डची, म्हणजे डोंगरात प्रत्यक्ष खडक पाहायला जायची, तयारी मात्र आत्ताच हवी.

कॅम्पवरची चेष्टा आणि लग्नाच्या चौकशा टाळायला काही मुलं एकटीच ट्रॅव्हर्सला (ठरलेल्या वाटेने खडकांच्या नोंदी घेत फिरायला) निघतात. असं अजिबात करू नकोस. सह्याद्रीच्या कड्यांत दोन लाव्हाप्रवाहांमधला लाल, मातकट 'बोल'चा थर मऊ असतो. तो आधी झिजतो आणि वरचा बेसॉल्ट अधांतरी राहतो. खाली हातोडा चालवताना धोंडा सुटला, तर हाकेच्या अंतरावर माणूस हवा. स्ट्राइक-डिपच्या (खडकाच्या थराची दिशा आणि कल) नोंदींवर ज्याच्याशी मोकळेपणाने वाद घालता येईल, असा फिल्डमधला सोबती बघ. फिल्डबुकच्या पहिल्या पानावर रक्तगट आणि दोन नंबर लिही: एक घरचा, दुसरा तुझ्याबद्दल सगळं माहीत असलेल्या मित्राचा. तू बेशुद्ध असलास, तर कुणाला काय सांगायचं हे तो सांभाळेल.

तालुक्याच्या गावी डेटिंग अ‍ॅपवर अंतर दिसणं बंद ठेव; छोट्या कॅम्पमध्ये तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. फोटो दाखवून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नकोस, दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट जपून ठेव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कर. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर सज्ञानांचं संमतीचं नातं आपल्याकडे गुन्हा नाही, तेव्हा पोलिसांत जायला बिचकू नकोस.

मड लॉगिंगच्या (तेलविहीर खोदताना वर येणारा खडकाचा चुरा तपासण्याच्या) नोकरीत पैसा बरा मिळतो, पण सौदी, कतार, कुवेत, ओमानमध्ये समलिंगी संबंध गुन्हा आहे. सही करण्याआधी पोस्टिंग कुठे आणि ते नाकारता येईल का, हे लेखी घे.

पुढे जोडीदार मिळाला, तर भारतात लग्नाला मान्यता नाही (सर्वोच्च न्यायालय, १७ ऑक्टोबर २०२३). तरी बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, त्याला नॉमिनीही करता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने तसं स्पष्ट केलं आहे. कॅनडाला जायचा विचार असेल, तर लग्नाशिवायच्या जोडीदारासाठी सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. आपला लीव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. म्हणून पहिल्या करारापासून दोघांची नावं घाल आणि नूतनीकरणात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नकोस.