वाड्यात कारखाना थाटताना : आगीविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या सागवानी वाड्यात टॉवेलची शिलाई आणि पॅकिंग सुरू करायचं आहे. तुळया काढून लोखंडी गर्डर टाका, असा सल्ला मिळाला. टाकावेत का?

अजिबात नको. जाड सागवान पेटलं तरी वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला आचेपासून वाचवतो. टणक लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळतं. म्हणजे अर्ध्या तासात तुळई उघड्या बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर झिजेल, पण उभी राहील. उघडा गर्डर ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद घालवतो.

खरी भीती आहे पोकळीची. माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतं म्हणून लोक माती उपसून पत्रा ठोकतात, खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करतात. दिसायला झकास! पण मधल्या पोकळीत सुताचे तंतू साठतात, वायरीही तिथूनच फिरतात. आग लागली तर ती कुणाच्या नजरेस न पडता वाडाभर पोचते. माती सहसा काढू नका, ती आग अडवते. मात्र ओल लागून किलचन (मातीखालच्या लाकडी पट्ट्या) कुजलंय का, ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. कडीपाटाच्या (तुळयांवरच्या लाकडी फळ्यांच्या) फटी बुजवा, वायरी उघड्यावर पाइपातून न्या.

प्रश्न : सुतार म्हणतो आधी जवसाचं तेल, मग आगरोधक रंग. चालेल?

नाही. आचेने फुगणारा आगरोधक रंग तेलकट लाकडाला धरत नाही. लाकूड स्वच्छ खरवडूनच लावावा लागतो. तेलच लावायचं असेल, तर चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा काडी न लावता पेटतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा.

प्रश्न : कामगार रात्री माडीवर झोपतात, राखणही होते. आग विझवायचे एबीसी पावडरीचे सिलिंडर आहेत. पुरेसं आहे ना?

नाही, झोपू देऊ नका. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागून ८ जण गेले. वाड्याला बहुधा एकच जिना, तोही लाकडी, आणि खिडक्यांना गज. पावडरीने ज्वाळा विझतात, पण टॉवेलचा गठ्ठा आत धुमसत राहतो. त्याला पाणीच हवं. टाकी आणि होजरील (चक्रीवर गुंडाळलेला पाण्याचा पाइप) बसवा. परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म (आगयंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी-जुलैत भरा.

प्रश्न : तंतू रोज ब्लोअरने उडवतो. बरोबर?

ब्लोअर तेच तंतू तुळयांवर नेऊन बसवतो. व्हॅक्यूम घ्या.