इम्रे लाकातोश कोण होते? विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात त्यांचं नेमकं काम काय?

हंगेरीतल्या ज्यू घरात १९२२ साली जन्म. आई आणि आजी नाझींच्या आउश्वित्झ छावणीत मारल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच हे कट्टर कम्युनिस्ट झाले आणि पुढे हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीनेच त्यांना छळछावणीत डांबलं! त्या राजवटीविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडल्यावर देश सोडला. केंब्रिज, मग लंडन. १९७४ मध्ये निधन.

मला त्यांचं गणितावरचं लिखाण जास्त आवडतं. सगळं वर्गातल्या वादावादीच्या रूपात आहे. दावा असा: कोणत्याही बहुपृष्ठकाचे, म्हणजे सपाट पृष्ठांच्या भरीव आकृतीचे, शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठे केले की उत्तर २ येतं. घनाचे शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६; ८ − १२ + ६ = २. पण मधोमध आरपार भोक असलेली, फोटोफ्रेमसारखी आकृती घेतली की उत्तर ०! मग बहुपृष्ठक कशाला म्हणायचं यावरच जुंपते.

उलटा पुरावा मिळाला की सिद्धांत खोटा ठरतो, असं तत्त्वज्ञ कार्ल पॉपर सांगत; विज्ञानाबाबत लाकातोश यांचा मुद्दा त्याला छेद देणारा. एक निरीक्षण उलटं गेलं म्हणून शास्त्रज्ञ सिद्धांत टाकून देत नाहीत. गाभा तसाच ठेवून भोवतालची गृहीतकं बदलतात. त्यात गैर काही नाही, मात्र त्यातून नवं भाकीत निघून खरं ठरायला हवं. न्यूटनच्या सिद्धांतावरून वर्तवलेला हॅलेचा धूमकेतू १७५८ मध्ये खरंच दिसला. नुसती ठिगळं लावत बसलेलं संशोधन त्यांच्या लेखी उतरणीला लागलेलं.